विश्व पसरतंय, घर तेवढंच आहे

अक्का, तुझ्या शोकसभेत एका गृहस्थांनी तुला तारा करून टाकलं. कॉलेजच्या हॉलमध्ये, माइकसमोर. ‘यशोधरा मॅडम आज आकाशातला एक तारा होऊन आपल्याकडे बघत आहेत,’ म्हणाले. माझ्या शेजारी तुझी विद्यार्थिनी नसरीन बसली होती. तिनं माझा हात घट्ट दाबला. तिला वाटलं, मी रडतेय. मी हसू दाबत होते. तू समोरच्या रांगेत असतीस तर काय झालं असतं ते मला दिसत होतं. चष्मा कपाळावर चढवून तू उभी राहिली असतीस. ‘सर, तारा म्हणजे पेटलेला हायड्रोजन. मी सिल्लोड तालुक्यातली. मला कामून पेटवायलात?’

मग हसता हसताच रडू आलं, ते खरं.

भंतेजींचं बोलणं मात्र तुला पटलं असतं. जलदान विधीला घरी आले, वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, आणि मग ते अगदी थोडं बोलले. जे जुळून आलेलं असतं ते सुटतं, एवढंच. समजूत घालायला नाही, माहिती द्यावी तसं. तू वर्गात अशीच बोलत असशील, असं माझ्या मनात आलं. माझा अनिकेत कॅनडातून व्हिडिओवर होता. फोन कुणीतरी स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि डबा अधूनमधून सरकायचा, मग त्याला तुझ्या फोटोऐवजी पंखा दिसायचा. तो बिचारा तसाच पंख्याकडं बघत बसला.

आता सगळे गेलेत. सिल्लोडकडचे पाहुणे गेले, चुलतभाऊ गेले, तुझे विद्यार्थी दोन-तीन दिवस येत राहिले, तेही कमी झाले. घरात मी आहे.

परवा नळ आला. आपली वाटणी ठरलेली होती, मी खाली मोटार लावायची आणि तू गच्चीवर जाऊन टाकी भरली का ते बघायचं. गेल्या वर्षापासून तुला जिना चढवत नव्हता, तरी तू खुर्चीत बसून पाइपाच्या आवाजावरून सांगायचीस, ‘बंद कर, भरली.’ परवा मी मोटार लावली आणि सवयीनं ओरडले, ‘भरली का गं?’ आणि वाट बघत उभी राहिले. खरंच उभी राहिले, अक्का. पाणी गच्चीवरून शेजारच्या जोशीकाकूंच्या वाळवणावर पडायला लागलं तेव्हा त्या ओरडल्या, मग भानावर आले. एवढ्या दिवसांनी आलेलं पाणी वाहून गेलं म्हणून त्या चिडल्या होत्या. माझं तोंड बघून आत गेल्या. नंतर वाटीभर पिठलं घेऊन आल्या.

तुझा जन्म कुठला, शिक्षण कसं झालं, नोकरी किती वर्षं केली, कोणकोणत्या समित्यांवर होतीस, हे सगळं सभेत वाचून दाखवलं गेलं. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि ते मी आता कुणाशी पूर्ण करू?

ते सुरू कधी झालं, ते आठवायला बसले की उस्मानपुऱ्यातली खोली आठवते. तू नुकतीच कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागली होतीस, मी नर्सिंगला होते. एक खोली, एक खिडकी, दोन गाद्या टाकल्या की दार उघडायचं नाही. त्या संध्याकाळी तू कॉलेजातून आलीस आणि चपला न काढता आत आलीस. मी कणीक मळत होते.

‘छाये, ते कमी होत नाय,’ तू म्हणालीस.

मला वाटलं, घरमालकिणीचा ताप म्हणतीयस. तिला टायफॉइड झाला होता. मी म्हणाले, ‘डॉक्टर बदलायला सांग त्यांना.’

तू खाली बसलीस आणि कपाळाला हात लावून इतकी हसलीस की मीही हसायला लागले. मग सांगायला लागलीस. विश्व पसरतंय हे मला तुझ्यामुळं आधीच माहीत होतं. दीर्घिका एकमेकींपासून लांब चालल्यात, हे तू मला मॅट्रिकलाच सांगितलं होतंस. पण सगळ्यांना वाटत होतं की हा वेग हळूहळू कमी होत असणार. गुरुत्वाकर्षण मागं ओढतंय ना. वर फेकलेला दगड जसा दमत जातो तसं. आणि आता बातमी आली होती की लांबच्या दीर्घिकांमध्ये फुटलेले तारे अपेक्षेपेक्षा फिके दिसतायत. फिके म्हणजे जास्त लांब. जास्त लांब म्हणजे वेग कमी झालेलाच नाही. वाढलाय.

‘दगड वर फेकला,’ तू माझ्या हातातला कणकेचा गोळा घेऊन म्हणालीस, ‘आन् तो वर जाता जाता आणखी जोरात जायला लागला. असं हाय हे.’

‘कोण ढकलतंय त्याला?’

‘तेच तर कुणाला माहीत नाय!’ आणि तुझा चेहरा असा काही उजळला की मी तो अजून विसरले नाही. काही माहीत नाही म्हणून एवढा आनंद झालेलं माणूस मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. आमच्या वॉर्डात माहीत नाही म्हटलं की नातेवाईक रडायला लागायचे.

दुसऱ्या दिवशी तू एम.एस्सी.च्या वर्गात जाऊन सांगितलंस की मागच्या आठवड्यात मी तुम्हाला वेग कमी होतोय असं शिकवलं, ते खोडा. विभागप्रमुखांनी तुला बोलावून घेतलं. अभ्यासक्रमात येईपर्यंत थांबा म्हणाले. तू घरी येऊन मला त्यांची नक्कल करून दाखवलीस आणि म्हणालीस, ‘मी थांबते. दीर्घिकांना कोण सांगणार?’

पण त्या पहिल्या संध्याकाळी मी एक प्रश्न विचारला होता. सगळंच पसरतंय तर आपली ही खोली कामून पसरत नाही? थोडी पसरली तर दार तरी उघडंल.

तू थट्टेवर नेलं नाहीस. तू कुठल्याच प्रश्नाला थट्टेवर नेत नव्हतीस, तीच तुझी मोठी खोड. पोळ्या होईपर्यंत तू मला समजावत होतीस. जे आपसात घट्ट बांधलेलं आहे ते पसरत नाही. विटेतले कण एकमेकांना धरून आहेत म्हणून भिंत पसरत नाही. आपण पसरत नाही. पृथ्वी नाही, सूर्याभोवतीचं हे सगळं कुटुंब नाही, अख्खी आकाशगंगासुद्धा नाही. शेजारची देवयानी दीर्घिका तर उलट आपल्याकडं येतीय. त्याच्याही पलीकडं, जिथं ओढ पोचत नाही इतकी लांब, तिथं मात्र जागाच वाढत जाते. आणि ती जी काय ढकलणारी गोष्ट आहे, जिला पुढं कृष्णऊर्जा म्हणायला लागले, ती या खोलीतही आहे.

‘हितं?’ मी तव्याकडं बघितलं.

‘हितंच. ह्या तव्याखाली बी, आन् तुझ्या-माझ्या मधी बी. पर हितं तिचं काही चालत नाय.’

नंतर माझं लग्न झालं, आपण दोघी वेगळ्या राहायला लागलो. अनिकेतचे बाबा शेंद्र्याच्या कंपनीतून दुसऱ्या पाळीहून येताना अपघातात गेले तेव्हा अनिकेत चौथीत होता. तू दवाखान्यात आलीस, अंत्ययात्रेला उभी राहिलीस, आणि मग मुकुंदवाडीच्या या घरात एक सुटकेस घेऊन आलीस. मी विचारलं नाही, किती दिवस राहणार. तू सांगितलं नाहीस. पुढच्या रविवारी पुस्तकांचे खोके आले. त्यावर आपल्यात एक अक्षरही कधी बोलणं झालं नाही. मी रात्रपाळीला जायची तेव्हा तू अनिकेतला गणित शिकवायचीस आणि तो म्हणायचा, ‘मोठी मम्मी चुकलं तर ओरडत नाही, पण बरोबर आलं तरी शाबास म्हणत नाही.’ तू म्हणायचीस, ‘बरोबर आलं तर त्याला कळतं की. शाबास कशाला?’

थँक्यू म्हणायचं राहून गेलं, अक्का. म्हटलं असतं तर तू ‘कशाबद्दल?’ म्हणून विचारलं असतंस आणि मला यादी करावी लागली असती. म्हणून म्हटलं नाही.

खुलताबादची ती संध्याकाळ तुला आठवत असेल. आठवत असेल, असं लिहून गेले बघ. तुला आता काही आठवत नाही, हे मला कळतं. पण मराठीत मेलेल्या माणसाशी बोलायला वेगळा काळ नाही, काय करू.

थंडी नुकतीच सुरू झाली होती. तिथल्या एका शाळेनं तुला बोलावलं होतं. मैदानात सतरंज्या, मुली पुढं, आया मागं, आणि कंपाउंडपाशी उभे असलेले आजूबाजूचे दुकानदार. तू नेहमीसारखं सांगितलंस, साध्या शब्दांत, हातवारे न करता. झाल्यावर प्रश्न विचारा म्हणालीस तर सगळ्या मुली एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. शेवटी कंपाउंडपाशी उभे असलेले एक चाचा बोलले. त्यांची शाळेसमोरच पेरूची गाडी होती.

‘मॅडम, सब फैल रहा बोले आप. तो मेरी गाडी से दरगाह भी दूर हो री क्या?’

सगळे हसले. तू हसली नाहीस.

‘नहीं चाचा. दरगाह वहीं है, गाडी भी वहीं है. वो ताकत यहाँ भी है, पर यहाँ उसकी चलती नहीं. बहोत दूर जाके चलती.’

‘फिर हमको क्या फरक पडता?’

तू थोडा वेळ खरोखर विचार केलास. ‘कुछ नहीं पडता,’ म्हणालीस. ‘पर मालूम रहना अच्छा है ना?’

चाचांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं का नाही कुणास ठाऊक, पण निघताना त्यांनी आपल्या दोघींच्या पिशवीत पेरू कोंबले.

मग अंधार पडल्यावर मैदानातले दिवे बंद करून तू सगळ्यांना देवयानी दाखवलीस. डोक्यावर, पुसटसा डाग, फडक्यानं पाटी नीट न पुसल्यावर राहतो तसा. एक मुलगी म्हणाली, मला दिसत नाही. तू तिला म्हणालीस, सरळ बघू नको, जरा बाजूला बघ, मग दिसंल. दिसल्यावर ती ओरडली. तेव्हा तू ते सांगितलंस जे मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. की फार फार पुढच्या काळात, आपला सूर्य विझून गेल्यावरही कितीतरी नंतर, बाकीच्या सगळ्या दीर्घिका इतक्या लांब गेलेल्या असतील की त्यांचा नवा प्रकाश इथवर पोचणारच नाही. जुना येत राहील, लाल होत, मंद होत. मग तोही इतका क्षीण होईल की कुठल्याच यंत्राला धरता येणार नाही. आपली आणि देवयानीची मिळून एकच राहील. तेव्हा त्या दीर्घिकेत कुणी असलं, तर त्यांना वाटेल जगात आपण एकटेच. कधीकाळी शेजार होता हे त्यांना कशावरूनही कळणार नाही.

 मुलींच्या आयांपैकी कुणीतरी ‘अगाई’ म्हणालं.

‘घाबरायचं नाय,’ तू म्हणालीस. ‘आपण वेळेवर आलोय. अजून दिसायलंय सगळं.’

परतीच्या एसटीत मला अनिकेतचा फोन आला. तिकडचं कायमचं राहण्याचं काम झालं होतं. तो खुश होता, आणि मी खुश नाही हे त्याला कळू नये म्हणून मी जरा जास्तच आनंदी आवाजात बोलले. फोन ठेवल्यावर खिडकीबाहेर बघत बसले. दौलताबादचा किल्ला अंधारात गेला. मी म्हणाले, ‘तू सांगितलंस तसंच आहे बघ. सगळंच लांब जायलंय. आधी हे गेले, आता हा. शेवटी आपणबी अशाच एकट्या राहणार.’

मला वाटलं होतं तू माझा हात धरशील. तू चिडलीस.

‘नाय. असं नको बोलू.’

‘कामून? तूच तर आत्ता सांगितलंस.’

‘मी दीर्घिकांचं सांगितलं. अनिकेत काय दीर्घिका हाय का? विश्व पसरायलंय म्हणून नाय गेला तो. त्याच्या मनानं गेला. यायचं ठरवलं तर विमानात बसून येईल. त्या दीर्घिकांना येता येत नाय, छाये. लई फरक हाय त्यात.’

‘अगं, मी आपलं म्हणण्यापुरतं म्हटलं.’

‘म्हण नको. दुःख व्हायलंय तर दुःख व्हायलंय म्हण. विश्वावर कामून ढकलायलीस?’

पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला.  घरी येईपर्यंत आपण बोललो नाही. मला तेव्हा तुझा फार राग आला होता. कुणी रडत असेल तर त्याची उपमा बरोबर आहे का हे कोण तपासतं? पण त्या रात्री मी पहिल्यांदा अनिकेतला फोन करून सरळ सांगितलं की बाबा, मला तुझी फार आठवण येते, आणि तू तिकडं राहणार याचं मला दुःख होतंय. तो रडला. मीही रडले. तेव्हापासून आमचं बोलणं खरं व्हायला लागलं. हे मी तुला सांगितलं नाही. का, ते माहीत नाही. तू बरोबर होतीस हे कबूल करणं जिवावर आलं असेल.

त्याच हिवाळ्यात तुला जिन्यात धाप लागायला लागली. मी नर्स, मला आधी कळायला हवं होतं असं लोक म्हणतात, पण मला कळलं तेव्हाच कळण्यासारखं होतं. फुप्फुसं आतून कडक होत जातात, पोळी तव्यावर विसरली की होते तशी. औषधं असतात, पण ती मागं आणत नाहीत. डॉक्टर हे तुला समजावत होते आणि तू त्यांना आलेख काढून दाखवा म्हणत होतीस. बाहेर आल्यावर रिक्षात बसताना म्हणालीस, ‘अख्खं विश्व पसरायलंय, माझं फुप्फुसच तेवढं पसरंना.’ रिक्षावाला आरशातून बघायला लागला. ते वाक्य मी कुणाला सांगितलेलं नाही. आज लिहिते.

मग घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. त्याची घरघर दिवसभर. तुझी वाक्यं छोटी होत गेली. आधी तू एका श्वासात अख्खा सिद्धांत सांगायचीस, मग दोन वाक्यं, मग चार शब्द. बघ ना, माझं उलट झालं. मी पूर्वी कमी बोलायचे, तुझ्या आजारात मीच बडबडायला लागले, तुझं वाक्य अर्धं राहिलं की ते पूर्ण करायला लागले. तू हात वर करून थांबवायचीस. तुला दुसरंच काहीतरी म्हणायचं असायचं.

आणि मग ती बातमी आली. नसरीननंच आणली. ती आता सिल्लोडला कॉलेजात शिकवते, रविवारी येऊन बसायची. मोबाइल तुझ्या डोळ्यांसमोर धरून तिनं वाचून दाखवलं. आकाशातल्या दीर्घिकांची मोठी मोजणी झाली होती आणि त्यातून असा अंदाज निघत होता की ती ढकलणारी कृष्णऊर्जा कायम तेवढीच नसावी. काळाबरोबर ती थोडी उतरत असावी. विश्वाचा वेग अजून वाढतोच आहे, पण वाढण्याचा जोर कदाचित कमी होतोय.

तू उशीवरून उठून बसायला बघत होतीस. मी पाठीला लोड लावला.

‘मॅडम, अभी कच्चा है,’ नसरीन म्हणाली. ‘इतने में मान नहीं सकते.’

‘कच्चा है,’ तू म्हणालीस. श्वास घेतलास. ‘पर है.’

मग तुम्ही दोघी कितीतरी वेळ बोलत होता. म्हणजे ती बोलत होती आणि तू एकेका शब्दानं तिला अडवत होतीस. मी चहा केला, तो निवला, पुन्हा केला. उस्मानपुऱ्यातला तोच चेहरा, अक्का, नाकात नळ्या असलेला. इतकी वर्षं जे शिकवलंस ते चुकीचं असू शकतं म्हणून तू आनंदात होतीस.

नसरीन गेल्यावर मी तुझ्याजवळ बसले. मला वाटत होतं, आता विचारावं.

‘म्हणजे पुढं कधी तरी ते थांबंल? परत जवळ येईल सगळं?’

‘माहीत नाय.’

‘पण येऊ शकतं?’

‘शकतं तर… काहीबी.’

‘एकदा हो म्हण ना, अक्का.’

‘कामून?’

‘मला बरं वाटंल म्हणून.’

तू माझ्याकडं बघितलंस. प्रेमानंच बघितलंस, हे मी मान्य करते. ‘तुला बरं वाटावं म्हणून… विश्व नाय ना चालत… छाये.’

मी उठले. ओट्यापाशी जाऊन उगाच भांडी घासायला लागले. तिथूनच बोलले, कारण तोंड बघून बोलता आलं नसतं. म्हणाले, मी पंचवीस वर्षं वॉर्डात काढली. कितीतरी माणसांचा हात धरून ‘काही होत नाही, बरं वाटेल हं’ म्हटलं. त्यातल्या पुष्कळांना बरं वाटणार नव्हतं, मला माहीत होतं. ते काय पाप केलं मी? सलाइन लावतो तसंच ते. तेवढा वेळ माणूस तरतं त्याच्यावर. तू मला आयुष्यात एकदाही, एकदासुद्धा, असं काही म्हटलं नाहीस. हे गेले तेव्हाही नाही. सगळे म्हणत होते, धीर धर, सगळं नीट होईल. तू म्हणालीस, ‘नीट होणार नाय. पण मी हाय.’

 यंत्राच्या घरघरीतून तुझा आवाज आला.

‘ते… खोटं होतं का?’

मी नळ बंद केला. ‘नव्हतं.’

‘मग?’

 तेच आपलं भांडण. ते तिथंच राहिलं. तुझं म्हणणं, खोट्यानं माणूस तरत नाही, कारण ते उघडं पडलं की आधीपेक्षा एकटं पडतं. माझं म्हणणं, मरणाऱ्या माणसाला उघडं पडण्याइतका वेळच नसतो. यावर आपण आणखी एक-दोन आठवडे तरी वाद घालायला हवा होता. मी मुद्दे काढून ठेवले होते.

शेवटची ती दुपार मी कुणाला सांगितलेली नाही. लोक विचारतात, शांत गेल्या का? मी हो म्हणते. हे माझं वॉर्डातलं हो आहे, तुला कळेल.

मार्चातलं ऊन होतं. खिडकीला ओली चादर लावली होती. दवाखान्यात जायचं नाही, घशात नळी घालायची नाही, हे तू आधीच डॉक्टरांना आणि मला सांगून ठेवलं होतंस, आणि ते योग्यच होतं, मी नर्स म्हणून सांगते. सकाळपासून तू अर्धवट झोपेत होतीस. दुपारी डोळे उघडलेस. पूर्ण जागी होतीस. मी पलंगाच्या कडेला बसले आणि सवयीनं तुझं मनगट हातात घेतलं. सवयीनंच. इतकी वर्षं पेशंटजवळ बसलं की हात आपोआप तिथं जातो.

आणि मी जे कधी कुठल्या पेशंटला विचारलं नव्हतं ते विचारलं. वॉर्डात आम्ही विचारत नाही, कारण उत्तर काय येईल त्याची तयारी नसते.

‘अक्का, भीती वाटायलीय का?’

तू माझ्याकडं बघितलंस. डोळे स्वच्छ होते.

‘नाय,’ म्हणालीस.

माझ्या बोटांखाली तुझी नाडी पळत होती, अक्का. हात गार पडला होता आणि तळव्याला घाम सुटला होता. मी अशी मनगटं आयुष्यभर धरलीत. धाप लागून नाडी कशी पळते ते मला माहीत आहे आणि भीतीनं कशी पळते तेही माहीत आहे. तू माझ्या डोळ्यांत बघत होतीस, आणि तुला हेही माहीत होतं की माझा हात कुठं आहे. तरी तू म्हणालीस.

मी ‘बरं’ म्हटलं. तुझ्या कपाळावरचे केस मागं केले.

थोड्या वेळानं तुझे ओठ हलले. मी वाकले. श्वास गोळा करायला तुला फार वेळ लागला, आणि या वेळी मी तुझं वाक्य पूर्ण केलं नाही. वाट बघितली.

‘तू… राहशील ना… नीट?’

‘राहीन,’ मी म्हणाले. लगेच म्हणाले. वॉर्डात म्हणते तशा आवाजात.

तू डोळे मिटलेस. ऊन कलेपर्यंत मी मनगट सोडलं नाही, नाडी थांबल्यावरही नाही.

मी नीट नाही, अक्का. जेवते, झोपते, नळ आला की पाणी भरते. अनिकेत रोज फोन करतो, इकडं ये म्हणतो, आणि मी बघते म्हणते. नसरीन येते, मॅडमची पुस्तकं आवरूया म्हणते, आणि मी पुढच्या रविवारी म्हणते. संध्याकाळी खुर्चीत बसते आणि कुणीही माझ्या बोलण्यातली चूक काढत नाही.

तुझं खोटं मला त्याच क्षणी कळलं. माझं तुला कळलं होतं का, तेवढं विचारायचं राहिलं.